पाण्यातल्या माणसाला मी दिलेले डोळे

अड्याळला एक बाई गेली बारा-तेरा वर्षं विधवा म्हणून राहते आहे. ती खरोखर विधवा आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. पण तिला विधवा मी केलं, आणि तेही ब्रशनं, एवढं मला ठाऊक आहे. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली पंधरा वर्षं काढली त्या मालकांनाही नाही.

या अंकासाठी ‘फोटो स्टुडिओतल्या गमती’ लिहा, असा निरोप आला होता. गमती आहेत, एखाददुसरी सांगेनही. पण लिहायला बसलो की त्या बाईचे हात आधी दिसतात. म्हणून जे येतंय तेच लिहितो.

मी मूळचा एकोडीचा. घरी धानाची शेती. लहानपणी मला माणसांची तोंडं काढायचा नाद होता, नाद म्हणजे अक्षरशः खोड. कोळसा, गेरू, जे सापडेल त्यानं कोठाराच्या भिंतीवर गावातली माणसं काढायचो. एकदा शेजारचा म्हातारा स्वतःचं तोंड भिंतीवर पाहून माझ्या वडिलांशी भांडायला आला होता. “मी असा दिसतो का बे?” वडील म्हणाले, “दिसता तं असेच जी.” शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. त्यांनी दोन महिने मला एकच पितळी गडवा काढायला लावला. गडव्याला पोचा होता. मी तो सोडून देऊन छान गुळगुळीत गडवा काढला, तर पाठीत धपाटा बसला. “पोचा कुठं गेला? तू कोण दुरुस्त करणारा?” नागपूरला चित्रकला शिकायला जायचं मनात होतं. ते जमलं नाही. वडिलांची तब्येत, बहिणींची लग्नं, नेहमीचीच कारणं. विशीत भंडाऱ्याला एका फोटो स्टुडिओत रिटचर म्हणून लागलो. चित्रकलेच्या जवळचं काम मिळालं, असं सगळे म्हणाले. मीही तेच समजलो.

रिटचर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. उतरत्या डेस्कला मधोमध काच असायची, काचेखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून उसळून निगेटिव्हमधून वर यायचा. अणकुचीदार शिसपेन्सिलीनं निगेटिव्हवरचे वांग, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून काढायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. केस पांढरे, दात काळे, बुबुळं कोरी. उमेदीची वर्षं मी असली तोंडं भिंगातून बघण्यात घालवली. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला की त्याचे काळे दात आठवायचे.

त्यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे डोळे उघडणं. त्या काळी खेड्यांतल्या कितीतरी माणसांचा जन्मात एकही फोटो निघालेला नसे. माणूस गेला की मग घरच्यांना आठवण व्हायची आणि सायकलवर कुणीतरी आम्हाला बोलवायला यायचं. मालकांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ कॅमेरा घेऊन जात, प्रेताला भिंतीशी टेकवून बसवत, मागे चादर धरायला लावत आणि फोटो काढून आणत. तो मोठा करायचा, आणि मिटलेल्या पापण्यांवर मी उघडे डोळे रंगवायचे. मग त्या चित्राचा परत फोटो काढायचा. तेरवीला जो हार घातलेला फोटो दिसे, त्यात माणूस जिवंतपणी बसल्यासारखा बघत असे. बघणारे रडत. माझं काम चांगलं झालंय हे मला त्यावरून कळे.

पण डोळे आणायचे कुठून? आमची रीत अशी की रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा फोटो मागायचा. भावाचे, नाहीतर मुलाचे डोळे बघून रंगवायचे. तेही नसलं तर माझ्याकडे एक डबा होता, बिस्किटांचा, पत्र्याचा. बिघडलेल्या प्रिंटांमधले डोळे मी कात्रीनं कापून त्यात ठेवत असे. म्हाताऱ्यांचे, बायकांचे, नवरदेवांचे. झाकण उघडलं की शे-दोनशे डोळे एकदम वर बघत. भाऊ त्या डब्याकडे पाठ करून बसत नसत. त्यांचा आणखी एक नेम होता. डोळे उघडलेला फोटो टेबलावर असताना तिथे जेवायचं नाही.

एकदा आमच्या एकोडीचीच एक सून सासूचा फोटो परत घेऊन आली. मला म्हणाली, “भाऊ, इचे डोळे बंद करून द्या जी.”

“काहून?”

“चुलीकडंच पाहून राहते दिवसभर. जिवंतपनी तेच, मेल्यावरबी तेच. भाजीत तेल टाकाले हात धजत नाही माहा.”

भाऊ हसून लोळायचे बाकी राहिले. मी बुबुळं जराशी सरकवून नजर बाजूला केली. महिन्यानं ती बाजारात भेटली. “आता दाराकडं पाहते,” म्हणाली. मग आवाज खाली करून, “पन कोनाची तरी वाट पाहून राहिली असन असं वाटते जी.” तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

सत्तरीचं दशक अर्धं सरलं असेल, तेव्हाची गोष्ट. कारध्याच्या बाजूला वैनगंगेत एका माणसाचं प्रेत सापडलं. दोन-तीन दिवस पाण्यात होतं. ओळख पटेना. एका ठाण्याचे जमादार आम्हाला बोलवायला आले. त्या दिवशी भाऊंना ताप होता, म्हणून कॅमेरा घेऊन मी गेलो. कोळ्यांनी त्याला वाळूवर निजवलं होतं. दुपारचं लख्ख ऊन. मी वर उभं राहून चेहऱ्याचे दोन फोटो घेतले. तोंड फुगलेलं, पापण्या सुजून मिटलेल्या, डाव्या कानाची पाळी नव्हती. त्याच दिवशी काठावर त्याला पुरून टाकलं.

डार्करूमच्या लाल उजेडात तो कागदावर वर आला, तेव्हा प्रथमच मला थाळीतल्या पाण्याची भीती वाटली. तसे सगळेच चेहरे पाण्यातूनच वर येतात. हा मात्र दुसऱ्यांदा येत होता.

जमादार प्रिंट बघून म्हणाले, “हे कोन वळखन जी? हे तं भोपळ्यावानी दिसून राहिलं. जरासा मानसात आना ना याले.”

“म्हणजे?”

“सूज काढा. डोळे उघडा. तुमच्या हाताची तं लय तारीफ आइकतो आमी.”

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. रिटचर जो चेहरा ठाऊक असतो तो साफ करतो. इथे चेहराच ठाऊक नव्हता. पण ती तारीफ मला गोड लागली. आणि खरं सांगायचं तर भिंतीवर तोंडं काढणारा जुना मी जागा झाला. कितीतरी वर्षांनी कुणी मला चेहरा काढायला सांगत होतं, नुसता पुसायला नाही. मी चार दिवस बसलो. गाल उतरवले, नाक बसवलं, हनुवटी शोधून काढली. तुटलेली पाळी माशांनी खाल्ली असेल असं समजून पूर्ण केली. डोळ्यांसाठी डबा उघडला. चाळता चाळता एक जोडी हाताला लागली. भुवया थोड्या जवळ, नजर शांत. ती भिंगाखाली ठेवून मी रंगवली. शेवटी बुबुळांत पांढरा उजेड भरला आणि तो माणूस बघायला लागला. मला कौतुकानं भरून आलं. कुणाचं, ते सांगत नाही.

त्या चित्राच्या प्रिंटा ठाण्यांत लागल्या, गावोगावच्या पोलीस पाटलांकडे गेल्या. पंधरा दिवसांत जमादार हसत आले. “पटला जी मानूस! अड्याळचा हाये. बाप येऊन सही करून गेला.” भाऊंनी चहा मागवला. मी दोन कप प्यालो.

तीन-चार दिवसांनी तो बाप आणि त्याची सून स्टुडिओत आले. अड्याळचं खाऊनपिऊन सुखी घर, शेती आणि किराणा. मुलगा नारायण बापाशी भांडून पाच महिन्यांपूर्वी घरातून निघून गेला होता. सुनेचं नाव इथे चंद्रकला लिहितो, ते खरं नाही. बावीस-तेवीसची असेल. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या, कपाळावर कुंकू होतं. विधी अजून व्हायचे होते, आणि फोटोशिवाय विधी नको असं तिनं धरलं होतं.

सासऱ्यांनी पिशवीतून फ्रेम काढली. लग्नाचा फोटो, आमच्याच स्टुडिओत काढलेला. “यातून पोराले येकटा काढून द्या,” ते म्हणाले. “इले बाजूले करा.”

मी फ्रेम हातात घेतली आणि मला सगळं कळलं.

आमच्या स्टुडिओच्या खिडकीच्या पडद्याला एक वर्षभर तिरकी फाट होती. त्या वर्षीच्या सगळ्या फोटोंत माणसांच्या डाव्या बुबुळात गोल ठिपक्याऐवजी उजेडाची बारीक तिरकी रेघ यायची. नारायणच्या डोळ्यांत ती रेघ होती. भुवया थोड्या जवळ, नजर शांत. या लग्नाची एक प्रिंट तेव्हा बिघडली होती, आणि ते डोळे मी कापून डब्यात टाकले होते. तेच डोळे मी पाण्यातल्या माणसाला दिले होते. ती रेघसुद्धा दिली होती.

चंद्रकलेनं पदराखालून पोलिसांची प्रिंट काढून फ्रेमच्या बाजूला ठेवली.

“पाहा जी भाऊ. डोळे त्यायचेच हायेत ना?”

“हो,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

“बाकीचं तोंड मले वळखू येत नाही. नाक त्यायचं नोहय. असं वाटते, कोनी दुसराच त्यायचे डोळे घालून बसला हाये.”

“पान्यात मानूस बदलते, बाई,” सासरे पटकन म्हणाले. “फुगते, गळते. डोळे कसे बदलतीन? डोळे खोटे बोलतीन का?” मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, “सांगा ना जी तिले तुमी. तुमी रोजचंच हे काम करता.”

मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. फार तर दोन. भाऊ आतल्या खोलीत होते, गिऱ्हाईक दुसरं कुणी नव्हतं. पण जमादारांचं काय होईल, स्टुडिओचं काय होईल, लोक माझ्या हाताला काय म्हणतील, असं सगळं मनात येऊन गेलं. आणि त्याखाली आणखी एक होतं. त्या चित्राइतकं चांगलं काम मी पूर्वी केलं नव्हतं. ते खोटं आहे असं माझ्या तोंडानं मला म्हणवेना.

“बदलतो माणूस पाण्यात,” मी म्हणालो. “आठ दिवसांनी या.”

ते आठ दिवस मी लग्नाच्या फोटोतून चंद्रकलेला पुसत होतो. तिचा खांदा गेला, शालूचा काठ गेला, नवऱ्याच्या बाहीला टेकलेला हात गेला. मागे काळोख भरला. तरी फोटो वाळला की त्या काळोखात बांगड्यांची चमक वर येई. तीनदा भरली, तीनदा आली. चौथ्यांदा मी तिथे फुलांची कुंडी रंगवली.

फोटो न्यायला सासरे एकटे आले. पण काच बसवताना तडकली, म्हणून ते नुसता फोटोच घेऊन गेले, आणि नवी फ्रेम पोचवायला पुढे मला अड्याळला जावं लागलं. फोटो टांगून मी खाली उतरलो, तर चंद्रकला पाणी घेऊन उभी होती. कपाळ कोरं, मनगटं मोकळी. मनगटावर बांगड्या फुटतानाचे दोन बारीक ओरखडे होते, ताजे. तिनं फोटोकडे पाहिलं नाही. कुंडीकडे पाहिलं.

“इथं मी होती,” म्हणाली.

त्यानंतर माझा हात गेला. म्हणजे चालायचा, पण त्या डब्याला लागेना. एका दुपारी डबा घेऊन कारध्याला गेलो आणि सगळे डोळे नदीत ओतले. कागद बुडतील असं वाटलं होतं. ते बुडाले नाहीत. पाण्यावर पसरले, सगळे वर बघत, आणि वाहत वाहत लांब गेले. काहींना भोवऱ्यात अडकून फिरताना मी बराच वेळ पाहिलं. पुढे ज्यांचे डोळे उघडायचे, त्यांना मी आरशात बघून स्वतःचेच डोळे देत असे. तालुक्यात कितीतरी भिंतींवरून आज मीच बघतो आहे. एका घरात दिवसकार्याला गेलो, तर तिथली म्हातारी आधी फोटोकडे, मग माझ्याकडे बघून उठून आत गेली.

ऐंशीच्या दशकात रंगीत फोटो आले, रिटचिंग संपलं. मला बरंच वाटलं. दुकानांच्या पाट्या रंगवू लागलो. नुसती अक्षरं. पाटीवर कुणी गणपती काढा म्हटलं, तरी दुसऱ्या पेंटरचा पत्ता देई. ज्याला डोळे असतात असं काही काढायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी कारध्याच्या कोळ्यांनी डोंग्यांवर, म्हणजे त्यांच्या होड्यांवर, नंबर घालायला बोलावलं. काम आटोपलं, रंग वाळायचा होता. सोमाजी नावाचा म्हातारा कोळी समोर जाळं विणत बसला होता. माझ्या हातात सुताराची पेन्सिल आणि बाजूला पुठ्ठा. केव्हा सुरुवात केली ते आठवत नाही. खाली पाहिलं तर पुठ्ठ्यावर सोमाजी बसलेला. लहानपणी कोठाराच्या भिंतीवर हात जसा चालायचा, अगदी तसा चालला होता. मी घाबरलो.

सोमाजी उठून मागे आला. “बरोबर काढलं बापा. दात पडला तोबी काढला.” मग पुठ्ठ्यावरच्या कानाशी बोट नेऊन म्हणाला, “मंग त्या मानसाचा कान काहून पुरा केला होता जी?”

“कुठल्या?”

“तो नाही का, मीच बाहेर काढला होता पान्यातून. तुमी फोटो घेतला. ठान्यात फोटो लागला तं मी पाहाले गेलो. त्यात कान पुरा. तो कान तं लहानपनीचाच तुटलेला होता. गुळगुळीत झाला होता, जुना घाव. मासोळीनं खाल्लेला कान मले समजते जी, मी कोळी हाव.”

“तेव्हा बोलला का नाही?”

“मले कोन इचारते? तुमी शिकलेली मानसं. मी म्हनलो, फोटोवाल्याले मालूम असन.” जाळ्यात सुई घालत तो पुढे म्हणाला, “मंग तुमी ते डोळे सोडले पान्यात. आठ दिवस जाळ्यात येऊन राहिले होते. तवा मले वाटलं, याले मालूम हाये.”

तोवर मी मनाशी एक फट ठेवली होती, की कदाचित तो नारायणच असेल. डोळे मी चुकून दिले असतील, पण माणूस तोच असेल. त्या दुपारी ती फट बुजली. लग्नाच्या फोटोतला नारायणचा डावा कान मला पाठ होता. आठ दिवस तो माझ्या ब्रशखाली होता. त्याला पाळी होती, आणि पाळीत बाळी होती.

त्या दिवसापासून मी पुन्हा चित्रं काढतो. पहिलं काढायला घेतलं ते त्या पाण्यातल्या माणसाचं, आठवणीतून. वाळूवर उन्हात जसा पाहिला तसा. पहिले तीस-चाळीस कागद वाया गेले, कारण हात सारखा सूज उतरवायला बघे. मग एकेक करून तो येऊ लागला. रुंद नाक, कपाळावर आठी, तुटलेली गुळगुळीत पाळी. डोळे मिटलेलेच ठेवले. सोमाजीला दाखवलं, तर त्यानं कागदाला नमस्कार केला. “हाच,” म्हणाला. हे लिहायला लाज वाटते, पण ते चित्र काढताना मला सुख झालं. लहानपणी व्हायचं तेच, तेवढंच. कुणाचं काय गेलं त्यावर हे सुख परत मिळालं, ते मला माहीत आहे, आणि तरी ते झालं. आता रोज सकाळी काढतो. बाजारातली माणसं, डोंगे, म्हशी. जे समोर आहे तेच काढतो.

गेल्या उन्हाळ्यात ते चित्र गुंडाळून पिशवीत घेतलं आणि अड्याळला गेलो. आठवडी बाजार होता. ती मिरच्यांच्या ढिगाशी बसून निवडत होती. केस पिकलेले. वय चाळीसही नसेल. मी काही बोलायच्या आत तिनंच ओळखलं.

“फोटोवाले भाऊ नं जी तुमी?”

“हो.”

“फोटो हाये अजून चांगला. बाकीचा पिवळा पडला, पन डोळे तसेच हायेत. रोज बोलनं होते आमचं.” ती हसली. “सासरे गेले मांघच्या साली. शेवटी शेवटी लय तरास दिला म्हाताऱ्यानं. दार लावू देत नोहते. नारायन येईन म्हनत, आडना घालू नका. ज्यायनं सही केली, तेच म्हनत.” मिरची निवडता निवडता तिनं वर पाहिलं. “येड लागलं होतं त्यायले. नाही का जी?”

पिशवी माझ्या खांद्याला होती. चित्र तिच्यात होतं.

“हो,” मी म्हणालो. “वयानं होतं तसं.”

तिनं मूठभर मिरच्या कागदात बांधून माझ्या हातात दिल्या, नको म्हणत असताना. बसमध्ये बसल्यावर माझे हात भाजत होते.

हे सांगून तिचं काय भलं होणार, असा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे, आणि दर वेळी तो मला सोयीचा वाटला आहे. नारायण कुठे असेल, असेल की नाही, मला ठाऊक नाही. नदीकाठी पुरलेल्या माणसाच्या घरीही कुणीतरी असेल. ज्या फोटोत त्यांनी त्याला ओळखलं असतं, त्या फोटोतून मी त्याला पुसला. त्याचं चित्र घेऊन नदीकाठच्या सात गावांत हिंडलो. अजून कुणी ओळखलेलं नाही. उरलेल्या गावांत जायचं आहे.

आणि अड्याळच्या त्या बाईला मला दोन वाक्यं सांगायची आहेत. नदीतला माणूस तुमचा नवरा नव्हता. आणि सासऱ्यांना वेड लागलेलं नव्हतं. हा अंक छापून तिच्या गावात पोचायच्या आधी मी स्वतः जाऊन हे सांगायला हवं. अजून गेलेलो नाही.